हद्दीबाहेरचा धूर

हद्दीची ओळ मीच आखली, हे आधीच सांगून टाकते. नंतर कुणी मला गरीब बिचारी म्हणायला नको.

पालिकेच्या पर्यावरण कक्षात मी एकटीच. कक्ष म्हणजे जिन्याखालची खोली, एक टेबल, दोन कपाटं. शहराचा कार्बन तीन वर्षांत निम्म्यावर आणायचा, असा ठराव सभागृहाने बाकं वाजवून मंजूर केला आणि मोजायचं काम माझ्या गळ्यात मारलं. मी जीव तोडून केलं. रस्त्यावरचे दिवे बदलून घेतले, कचऱ्याच्या गाड्या बॅटरीवर आणल्या, पालापाचोळा पेटवणाऱ्या मुकादमाशी भर चौकात भांडले. पण मोजायचं कुठवर? बैठकीत एक सदस्य म्हणाला, बाहेरून जाणारे ट्रक धरा. दुसरा म्हणाला, लोक विमानाने फिरतात ते धरा. दोन तास हेच. शेवटी मी वैतागून म्हणाले, "हद्दीत जे जळेल ते आपलं, हद्दीबाहेरचं आपलं नाही. आता पुढे चला!" सगळे सुटल्यासारखे हसले. टिपणी मी लिहिली, सहीही माझीच.

राहता राहिला पंपघरातला जनरेटर. वीज गेली की त्याच्यावरच शहराच्या टाकीत पाणी चढायचं, आणि उन्हाळ्यात वीज रोज दुपारी जायची. तो एकटा ढीगभर डिझेल प्यायचा. त्याच्याऐवजी सौर पॅनेल बसवायची फाइल पाणीपुरवठ्याच्या साहेबांकडे दीड वर्ष पडून होती. त्यांना आम्ही पाठीमागे 'बघूसाहेब' म्हणतो. काहीही विचारा, "बघू" म्हणतात.

आणि एक दिवस बघूसाहेबांचा तक्ता आला. पंपघर, डिझेल: शून्य. मी खुर्चीतून उडालेच. पॅनेल बसली असणार, असं मीच ठरवून टाकलं. जाऊन बघायचं सुचलं नाही. अहवाल त्याच दिवशी वर पाठवला, संध्याकाळी घरी जाऊन आईला म्हणाले, "जमलं गं!" आई खोकत खोकत हसली.

आईने तीस वर्षं कापडगिरणीत काढली आणि फुप्फुसं तिथेच ठेवून आली. आता हवेतून ऑक्सिजन काढून देणारं यंत्र तिच्या उशाशी रात्रंदिवस चालतं. ते विजेवर चालतं, म्हणून वीज गेली की लावायला एक सिलिंडर ठेवलेला. आम्ही दोघीच. घर नाल्यापलीकडे, म्हणजे पालिकेच्या हद्दीच्या जरासं बाहेर. दुपारी मी ऑफिसात असते, ती एकटी असते.

त्याच आठवड्यातल्या शनिवारी मला सुट्टी होती. दुपारी वीज गेली, मी आईला सिलिंडर लावला, आणि तेवढ्यात बाहेर असं काही धडधडायला लागलं की मांडणीवरची भांडी वाजली. मग धूर आला. काळा, डोळ्यांना झोंबणारा. धावत बाहेर गेले तर आमच्या भिंतीपासून वीस पावलांवर, पालिकेच्या जुन्या शेडमध्ये, पंपघरातला जनरेटर! नाल्यावरून जाड केबल टाकून पलीकडच्या पंपाला जोडलेला. शेजारी पंपवाले काका हातात फडकं घेऊन मान खाली घालून उभे.

"साहेबांनी हलवला, ताई," ते म्हणाले. "म्हणाले, इकडे ठेवला की मोजावा लागत नाही."

कुणीतरी फाडकन तोंडात मारावी तसं झालं मला.

सोमवारी बघूसाहेबांच्या केबिनमध्ये घुसले. "साहेब, धूर तेवढाच आहे!"

"पण हद्दीत नाही."

"तिथे माणसं राहतात. माझी आई राहते!"

"अरेरे," ते म्हणाले, आणि त्यांना खरंच वाईट वाटलं, उगाच खोटं कशाला सांगू. "पण बाई, नियम तुमचाच ना? तुमच्याच टिपणीवर मंजूर झालाय. अहवाल वर गेलाय. पॅनेलचं बघू."

मंगळवारी शेजारच्या पंचायतीत गेले. तिथला कारकून म्हणाला, "यंत्र पालिकेचं, तर पालिकेत जा." मी पालिकेतूनच आलेय म्हटल्यावर तो पोट धरून हसला. एरवी मीही हसले असते. मग नियम बदलायची नवी टिपणी लिहिली. ती कुणी हातात धरेना. मावशीला फोन केला. ती बिचारी म्हणाली, घेऊन ये. पण ती तिसऱ्या मजल्यावर राहते, आणि डॉक्टर म्हणाले, जिने चढवलेत तर वाटेतच काहीतरी होऊन बसेल. धुरापासून लांब न्या, हेही त्यांनीच सांगितलं. नेऊ कुठे, ते मात्र कुणीच सांगितलं नाही.

रोज संध्याकाळी आईच्या बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन बघत होते. शनिवारी नव्वद. सोमवारी सत्त्याऐंशी. मंगळवारी चौऱ्याऐंशी. आकडे कमी झाले की आनंद व्हायची सवय लागलेली मला, आणि आता हा एक आकडा उतरला की मी चिमटा काढून पुन्हा लावून बघायचे.

बुधवारी निघताना विचारलं, "सिलिंडर पुरतोय ना गं?"

"पुरतोय. जा तू, उशीर होतोय."

मी सिलिंडरचा काटासुद्धा बघितला नाही. डोक्यात नुसते अर्ज.

दुपारी ऑफिसचे पंखे थांबले. म्हणजे तिकडे तो सुरू झाला. मला खुर्चीत बसवेना. कुणाला न सांगता उठले, तरातरा चालत नाला ओलांडला आणि शेडमध्ये शिरले.

"काका, बंद करा हे."

"ताई, टाकी अर्धीच भरलीय. सगळं शहर..."

"मरू दे ते शहर!"

हे मी म्हणाले. तीन वर्षं त्याच शहरासाठी भांडणारी मी. काकांनी माझा हात धरला, मी तो झटकला आणि लाल बटण दाबलं.

काय शांत झालं! एक क्षण वाटलं, एवढं सोपं होतं? मग काकांचा चेहरा पाहिला. पांढराफटक.

"ताई, आईंचं यंत्र!"

"त्याचं काय? वीज गेली की ती सिलिंडरवर असते."

"सिलिंडर सोमवारीच संपला हो!" त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं. जनरेटरपासून एक बारीक वायर निघून आमच्या खिडकीत गेली होती. "भिंतीवर थापा मारत होत्या. धावत गेलो तर सिलिंडर रिकामा. मग इथूनच वायर दिली, वीज आली की काढून घेतो. तुम्हाला सांगू नका म्हणाल्या. पोरगी तापट आहे, ऑफिसात तोंड उघडेल आणि वायर दिली म्हणून माझी नोकरी जाईल म्हणाल्या."

खिडकीतून यंत्राची शिटी ऐकू येत होती. एकसारखी.

"सुरू करा! काका, सुरू करा!"

त्यांनी किल्ली फिरवली. जनरेटर गुरगुरला आणि गप्प झाला. "पंपाचा भार उचलत नाहीये, त्याचा खटका पाडा आधी!" ते ओरडले. कुठला खटका, मला दिसेना. सापडला तो दोन्ही हातांनी ओढून खाली पाडला. पुन्हा किल्ली. पुन्हा गुरगुर. मी त्या गरम पत्र्यावर बुक्क्या मारत होते, काय काय बडबडत होते, देव जाणे. तिसऱ्या वेळी तो भडाडून सुरू झाला आणि काळा भपकारा सरळ माझ्या तोंडावर आला. आयुष्यात मला कशाचा एवढा आनंद झाला नव्हता.

घरात आई पलंगाची कड धरून बसलेली. ओठ निळे, तोंड उघडं. नाकातली नळी घसरली होती ती मी नीट बसवली. यंत्र घरघरायला लागलं होतं. तिने माझं मनगट असं आवळलं की नखं रुतली.

बऱ्याच वेळाने तिच्या तोंडून शब्द फुटला. "कुणी... बंद केलं गं?"

"मी."

"वेडी," ती म्हणाली आणि डोळे मिटले.

चिमटा लावला. एकोणऐंशी. मी खिडक्या लावल्या, वायरपाशी राहिलेल्या फटीत ओला टॉवेल कोंबला. तरी धूर येतच होता, दाराखालून, पत्र्याखालून. यंत्र खोलीतली तीच हवा ओढत होतं आणि तिला देत होतं. ऐंशी. पुन्हा एकोणऐंशी. तिचा हात हातात घेऊन मी भिंतीपलीकडची ती धडधड कान देऊन ऐकत बसले. जरा अडखळली की मी अर्धी उठायचे. बंद पडू नकोस रे बाबा, मी त्या जनरेटरला विनवत होते. तुझ्या पाया पडते, बंद पडू नकोस.