जावयाने बसवलेलं बटण

आमच्या घरात मुहूर्त पाहत नाहीत. मांजर आडवं आलं तर आम्ही मांजराला वाट देतो. तरीही मार्च उजाडेपर्यंत सगळ्यांचं एकमत झालं होतं की आमच्या गाडीला सोमवार मानवत नाही.

“सोमवारी तिचा मूडच नसते,” देवानंद, म्हणजे माझे पती, म्हणायचे. ते कृषी पदवीधर आहेत. उंद्रीत खता-बियाण्यांचं दुकान चालवतात.

मी हिवरा आश्रमच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. गाडी नसली की चिखलीपर्यंत जीप, पुढे एसटी, आणि मिळेल तेव्हा पोचायचं. लागोपाठ तीन सोमवार सकाळी सातला गाडी चालू झाली नाही आणि तिन्ही वेळा माझा पहिला तास बुडाला. तिसऱ्या सोमवारी देवानंदांनी निकाल दिला: पुढच्या सोमवारीही हेच झालं, तर गाडी राजकुमारभाऊजींना देऊन टाकायची. मी आपलं जीपने जायचं.

राजकुमारभाऊजी माझ्या नणंदेचे यजमान. धाड-बुलढाणा रस्त्यावर त्यांच्या दोन जीपा चालतात, त्यामुळे चाक असलेल्या प्रत्येक वस्तूबद्दल आमच्या घरात त्यांचाच शब्द अखेरचा.

खरं तर गाडीचा हा आजार त्यांच्या उपचारातूनच सुरू झाला होता. दार उघडलं की छतातला दिवा लागतो, तो लागेनासा झाला. माझ्या सासूबाईंना, केसरबाईंना, संध्याकाळी गाडीत चढताना सीट दिसेना. फेब्रुवारीत भाऊजी आले. त्यांनी आधी छतातल्या दिव्याचा खटका पुढे-मागे करून मोडला. मग दाराच्या चौकटीतलं गंजलेलं बटण काढलं. हे बटण अगदी साधं असतं. दार लावलं की त्याची दांडी आत दाबली जाते आणि दिवा विझतो. उघडलं की दांडी बाहेर येते आणि दिवा लागतो. भाऊजींनी तिथे आपल्या जुन्या जीपचं बटण बसवलं आणि दार उघडून दाखवलं. दिवा लागला. टाळ्या वाजायच्या तेवढ्या राहिल्या. दार लावल्यावर तो विझतो का, हे पाहायचं कुणालाही सुचलं नाही. सासूबाईंच्या शिस्तीप्रमाणे गाडीवर लगेच ताडपत्री पडली. मीही पाहिलं नाही, हे नोंदवते.

त्या तिसऱ्या सोमवारी संध्याकाळी, शेजारच्या ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून गाडी चालू करून आणि गावाबाहेर एक फेरी मारून झाल्यावर, मी ताडपत्री उचलून काचेला नाक लावलं. बंद गाडीत दिवा मजेत जळत होता.

हिशेब सोपा होता. दहा वॅटचा दिवा, बारा व्होल्टची पस्तीस अँपिअर-तासांची बॅटरी: बेचाळीस तास. शनिवारी दुपारी एकला उभी केलेली गाडी सोमवारी सकाळी सातला संपणार. इतर दिवशी रात्रभर जळूनही सकाळपुरता जीव उरायचा आणि रस्त्यात बॅटरी पुन्हा भरायची. सोमवारच्या मूडमध्ये एवढंच गूढ होतं.

मंगळवारी मी प्रयोगशाळेतला मिलिमीटर मोजायचा व्हर्निअर पर्समध्ये घालून आणला. जुनं बटण डिकीत पडलेलं होतं. त्याची दांडी सव्वीस मिलिमीटर, जीपच्या बटणाची तेवीस.

जेवताना मी सांगितलं, “भाऊजींनी बसवलेलं बटण तीन मिलिमीटर आखूड आहे. दार लावलं तरी दाबलं जात नाही.”

सासूबाईंचा भाकरी मोडणारा हात थांबला. “जवायानं सोताच्या हातानं बसवलं. ते तू काढून फेकतं का वं?”

“फेकत नाही आई. बदलू.”

“अन् त्यायनं पाह्यलं तं काय सांगू? मास्तरनीनं नापास केलं म्हनू?”

मी देवानंदांकडे पाहिलं. ते वरणात भाकरी चुरत होते.

“तुह्यं गणित बरोबर असंल,” ते म्हणाले. “पन बहिनीच्या घरी बोलाचाली नको. त्यापेक्षा गाडी गेलेली बरी.”

तीन मिलिमीटर मान्य करण्यापेक्षा अख्खी गाडी द्यायला हा माणूस तयार होता. जावयाच्या बटणाला हात लावायचा नसेल, तर दार जाड करायचं.

शनिवारी दुपारी सगळे झोपल्यावर मी गाडीच्या शेडमध्ये पडलेली सासूबाईंची तुटकी चप्पल घेतली. तिच्या तळव्याचा चौकोनी तुकडा कापला आणि बटणाची दांडी दाराला जिथे टेकते, बरोबर तिथे चिकटवला. दार लावलं. काचेतून पाहिलं. आत अंधार. ताडपत्री टाकली आणि चहा ठेवला.

रविवारी संध्याकाळी भाऊजी गाडी ओढून न्यायचा दोर घेऊनच आले. “जय भीम वहिनी! उद्यापासून तुमची कटकट संपली.”

“जय भीम भाऊजी. चहा घेता?”

सोमवारी सकाळी सातला सगळे शेडसमोर उभे राहिले. भाऊजींच्या खांद्यावर दोर होता. मी किल्ली फिरवली. पहिल्याच झटक्यात गाडी चालू झाली.

मग भाऊजींनी माझ्या बाजूचं दार उघडलं आणि वाकून आपलं बटण पाहिलं. रबराचा चौकोन त्यांच्या कानापासून वीतभर अंतरावर होता. त्यांनी तिकडे पाहिलं असतं, तर घरात भांडण झालं असतं आणि गाडी चालू असूनही भाऊजींकडे धाडला गेली असती. त्यांनी बटणावर प्रेमाने अंगठा फिरवला.

“जीपचं बटन हाय,” ते म्हणाले. “त्याले जम बसाले महिना लागतेच. मी बोललो नव्हतो काय बे, देवा?”

“हाव, बोलले होते,” देवानंद म्हणाले. ते असं काही बोलले नव्हते.

“तुमच्यामुळेच झालं भाऊजी,” मी म्हणाले.

ते खूश होऊन दोर गुंडाळू लागले. सासूबाई मागून आल्या, हातात ती चप्पल. “हे कोनं कुरतडली वं?”

“उंदरानं, आई.”

त्यांनी चौकोनी भोकात बोट घातलं. मग उघड्या दाराकडे पाहिलं, दारावरच्या रबराकडे पाहिलं, जावयाकडे पाहिलं.

“उंदीर शिकेल-सवरेल दिसते,” त्या हळूच म्हणाल्या आणि चप्पल पदराखाली घेतली. “जाय. उशीर होऊन राह्यला तुले.”

मी दार जोरात ओढून लावलं. दिवा विझला.