देवीची पापणी आणि भाऊसोंचा ब्रेक

ऐक गड्या, मधी तोंड घालू नगंस, आधी नुसतं ऐक.

कोयनानगरच्या रस्त्याला घाट लागायच्या आधी सावरवाडी हाय न्हवं? तिथं मंगळवारी दिवेलागणीला देवळात पाय ठेवायला जागा न्हवती. गावाच्या झाडून सगळ्या मोटरसायकली बाहेर रांगेत, आणि एक थेट मंडपात. तिचं तोंड गाभाऱ्याकडं, ढुंगण लोकांकडं. तिच्या मागं लांब, ढुंगणाच्या बरोब्बर समोर, चौरंगावर नेत्रानंद महाराज! म्हणं कोयनेच्या भूकंपात धरणी फाटली तवा हे आतनं वर आलं. भूकंप सदुसष्टचा, महाराज दिसायला चाळिशीचं. कुणी इचारलंच तर शिष्य सांगायचा, "धरणीतनं आलेल्याचं वय वाढत न्हाई." आता बोल!

किमया काय, तर गाडीच्या मागच्या मडगार्डवर बोटभर लांबीचा एक डोळा चिकटवायचा. रंग मळकट, राखेसारखा. मग ब्रेकच्या दिव्यावर तेलात कालवलेला शेंदूर जाडजूड लिंपायचा. ही देवीची पापणी. सव्वा महिना पुसायची न्हाई. मागनं गाडी आली की डोळा आपसूक पेटतो, धडक टळती.

"पण पेटलेला डोळा पुण्यवानालाच दिसंल बरं का, बेटा!" महाराज ओरडायचं. "पाप्याला नुसती राख!"

खंडेनवमीला गाडी पुजल्यावर तिचं गंध आपण कवा पुसतो का? पावसानं गेलं तर गेलं. मग देवीच्या पापणीला हात लावायची छाती कुणाची? अख्ख्या गावाचं ब्रेकचं दिवं शेंदरानं माखलेलं!

आणि त्यात भाऊसोंची गाडी. भाऊसो म्हंजे शिवांजलीचं वडील, फौजेत वीस वर्षं ट्रक चालवून आलेलं. रोज फाटंचं दोन्ही बाजूला दुधाचं कॅन टांगून घाट उतरत्यात. रविवारी एका जीपचा बंपर कॅनला घासून थांबला. आणि हे घरात येऊन काय म्हणालं?

"धडकली न्हाई, म्हंजे डोळा जागा हाय!"

शिवांजली पलूसला गॅरेजात गाड्यांच्या वायरिंगचं काम करती. चार दिवसांच्या सुट्टीला आलेली. तिनं कपाळाला हात लावला.

"आवं आबा, दिवाच झाकलाय तर जीपवाल्याला कळणार कसं तुमी ब्रेक दाबलाय? उद्या परत घाट उतरायचाय तुमाला!"

"पापणीला हात लावलास तर बघ," भाऊसो म्हणालं. "मी माज्या डोळ्यानं बघितलाय पेटलेला."

त्ये खरंच हुतं रं! म्हणून तर शिवांजली मंगळवारी देवळात जाऊन बसली. महाराजांच्या कपाळाला बॅटरी, रातीचं उसाला पाणी पाजताना आपण डोक्याला बांधतो तसली, वर फक्त जरीची पट्टी. महाराजांनी एकेकाला जवळ घ्यायचं, "माझ्या कानाला कान लावून बघ," म्हणायचं. बघणारा किंचाळायचा, "पेटला! पेटला!" बाजूला बसलेल्यांना कायबी दिसत न्हवतं, पण पापी कोण म्हणवून घेणार? सगळीच म्हणायची, "पेटला!" हरणाबाईला तर मोतीबिंदू, तरी सगळ्यात मोठ्यानं तीच.

शिवांजली उठली. "मला न्हाई दिसला."

महाराज हसलं. "बिचारी. मागल्या जन्माचं पाप."

भाऊसोंची मान खाली गेली. पोरीनं ती बघितली आणि तिचा पारा चढला, पण आवाज गोड.

"महाराज, मग गावातल्या सगळ्यात पापी माणसाला तर मुळीच दिसणार न्हाई?"

"शक्यच न्हाई!"

सगळ्यांच्या माना एकदम शिवतेजकडं वळल्या. देवळातली घंटा इकून दारू ढोसलेला गडी त्यो. शिवांजलीनं पिशवीतनं घरची बॅटरी काढली आणि त्याच्या डोक्याला बांधली. मग "डोळ्याला हळद वाहती" म्हणून गाडीकडं गेली, पदराआड काय तरी केलं न् बाजूला झाली.

"बॅटरी लाव. दिसतोय का?"

"आयला!" शिवतेज उडालाच. "भडाभडा पेटलाय की!"

हशा असा फुटला, काय सांगू! महाराज सावरलं. शिवतेजला काय दिसू नये म्हणून त्यांच्या डोक्याची बॅटरी शिष्यानं कवाच इझवलेली. "माझ्या कृपेनं दिसला त्याला."

"तुमालाबी दिसतोय न्हवं? कुठल्या रंगाचा?"

"लालबुंद! अंगार!"

"ह्यॅ!" शिवतेज म्हणाला. "पिवळा हाय की, हळदीवानी!"

शिवांजलीनं बदललाच हुता डोळा. काढलेला लाल तिच्या हातात, गाडीवर तिनं आणलेला पिवळा, तसाच राख फासलेला. पिवळाबी सोलून तिनं दोन्ही वर धरलं.

"वळखा की! कारखाना आपल्या उसाच्या ट्रॉलीला मागनं लावतो तीच ही चमकपट्टी. कातरीनं डोळ्यासारखी कापलीय, वळखू नये म्हणून वर जराशी राख फासलीय. ही उजेड जिकडनं येतो तिकडंच माघारी फेकती. ज्याच्या डोक्याला बॅटरी, त्यालाच न् त्याला चिकटून बसलेल्यालाच दिसणार. पाप-पुण्य गेलं चुलीत."

ट्रॉल्या दारात उभ्या हायत रं सगळ्यांच्या! तरी एकानं वळखली न्हाई. देवळात कोण ट्रॉली आठवतो?

पण भाऊसो हटंना. "पट्टी तर पट्टी. पापणी ऱ्हाऊ दे."

मग शिवांजलीनं त्यांना रस्त्यावर नेलं. पन्नास पावलं मागं उभं केलं. "आबा, तुमी आता जीपवालं. मी ब्रेक दाबला की हात वर करायचा."

ती भाऊसोंच्या गाडीवर बसली. चावी फिरवली. गाव दोन्ही बाजूला उभं. भाऊसो डोळं ताणून बघत्यात, ताठ, फौजेतल्यावानी. हात काय वर जाईना.

"दाब की!" ते वरडलं.

"तीनदा दाबला, आबा."

भाऊसो तिथंच उभं ऱ्हायलं, पापणी न हलवता. वीस वर्षं पुढच्या ट्रकच्या दिव्यावर नजर ठेवून घाट उतरलेला माणूस. पन्नास पावलं चालत आलं, डोक्याचं पागोटं काढलं, आणि त्याच्याच शेवानं शेंदूर खरडून पुसला. मग म्हणालं, "दाब." लाल उजेड त्यांच्या तोंडावर पडला.

"पट्टी ऱ्हाऊ दे आबा, ती कामाची हाय. अजून एक कॅनच्या मागं लावू."

तेवढ्यात हरणाबाई वरडली, "आरं, म्हाराज कुठं चाललं?"

म्हाराज आपल्या मोठ्या गाडीवर टांग टाकत हुतं. आणि तिचा ब्रेकचा दिवा? शेंदराचा ठिपका न्हाई, आरशासारखा पुसलेला, वर आणखी एक जादा दिवा बसवलेला! लोक खवळलं. शिवतेज शेंदराची वाटी घेऊन धावला, चार बोटं बुडवली, "घे, तुलाबी पापणी! उतर आता घाट!"

शिवांजलीनं त्याचं मनगट धरलं.

"खाली चौकीत फोन केलाय मी, त्याचं काय करायचं ते पोलीस बघतील. पण दिवा झाकू नगंस. मागचा दिवा पुढच्यासाठी नसतो रं, मागनं येणाऱ्यासाठी असतो. ह्येच्या मागं कुणाचा तरी बाप घाट उतरत असंल. देवाला हात जोडा, न्हाई जोडा, पण जे दिसायला पायजे ते झाकायला सांगतो त्याला आधी इचारा, का? आणि सोता करून बघा."

शिवतेजच्या बोटांतनं शेंदूर ठिबकतोय. गाव वरडतंय, "लाव! लाव!" म्हाराज किक मारतोय. आणि पोरगी मनगट सोडंना.

खरं सांग गड्या, शिवतेजच्या जागी तू असतास, तर काय केलं असतंस?