बोडका गहू

खरं सांगतो, हे लिहिणारच नव्हतो. दोनदा टाइप केलं, दोनदा पुसलं. पण गावात अजून लोक उलटंच सांगत फिरतात, म्हणून घ्या.

सुपडूचं डोकं त्या दिवशी सकाळपासूनच तापलेलं. त्याची गाय मैना गाभण, दिवस भरत आलेले, आणि कालपासून गव्हाणीत तोंड घालेना. चारा हुंगायची अन् मान फिरवायची. तोंडातून लाळेच्या तारा लोंबत होत्या.

तिला पाण्यावर नेलं तर दूध घेणारा श्रीकांत पाण्याच्या हाळापुढे आडवा उभा.

"मागे घे तिले. खुरकूत आहे. साऱ्या डोईफोडिया गावाची ढोरं पाणी पितात इथं."

"खूर पाहिले का तिचे? पाय धड आहेत."

"लाळ दिसते ना मले. डॉक्टर आहे का तू?"

"तू आहे का? तुले दुधातलं पाणी कळते, तेवढंच."

लोक हसले. पण गायीला पाणी कोणी पिऊ दिलं नाही. हसायला सगळे, बाजूनं बोलायला एकही नाही. सुपडू दात खात परत आला. घरी बादली पुढे धरली, तर मैनेनं पाण्याला तोंड लावलं आणि झटक्यात मागे घेतलं. तेव्हा त्यानं तिचा जबडा उघडला, जीभ बाजूला धरली, आणि आत पाहिलं.

कुसळं. गव्हाची कुसळं. जिभेखाली, हिरड्यांत, सुयांसारखी घुसलेली. मांस सुजून लाल झालेलं.

गहू योगेंद्रचा. गारपिटीत त्याचं शेत आडवं झालं, दाणा अजून चिकात होता. त्यानं तसाच कापला, वाळवला, आणि पेंढ्या दोस्तांच्या घरी फुकट टाकत गेला. पेंढ्या आल्या त्या दिवशी सुपडू बुऱ्हाणपूरला, पॉवरलूमवर. संध्याकाळी त्याची आई, कोकिळाबाई, म्हणाली, "योगेंद्र पेंढ्या टाकून गेला. बोडका गहू आहे म्हणे."

बोडका म्हणजे कुसळ नसलेला. मग बघायचं काय? सुपडू कामाची बस पकडायच्या आधी, अंधारातच, पेंढी सोडून टाकायचा. आपल्याकडे ढोरांना घालतात तो मळणीचा भुसा. मशीनमध्ये कुसळांचा भुगाच होतो. अख्खा वाळला गहू घरात कोणी घातलाच नव्हता.

सुपडू सीधा स्टँडवर. योगेंद्र टपरीवर चहा पीत होता. यानं त्याची कॉलरच धरली.

"बोडका गहू काय रे? जहर घातलं तू माझ्या गायीले! तुझ्या ढोरांनी तोंड लावलं नाही म्हणून कचरा माझ्या दारात ओतला!"

चहा सांडला. टपरीवरची माणसं वळून पाहू लागली.

"बोडका गहू कोण म्हणलं?"

"तूच! माझ्या आईले!"

"बोडका *करून* घाला, म्हणलो मी मावशीले. ओंब्या छाटून. हातानं विळा करून दाखवला रे! विचार जाय."

"चल. तिच्या तोंडावर सांग."

कॉलर धरूनच घरी आणला. कोकिळाबाई अंगण झाडत होत्या.

"आई, हा काय म्हणाला होता?"

"सांगितलं ना तुले. बोडका..." बाई थांबल्या. "बोडका करून, का काय ते. ट्रॅक्टर चालूच होता त्याचा, भडभड भडभड. मी काय कान काढून त्याच्या तोंडाजवळ नेऊ? अन् माझ्यावर कायले डोळे काढतो? पेंढ्या घातल्या कोणी? हात तुझा, डोळे तुझे!"

सुपडूनं कॉलर सोडली. पण राग कुठं जाईल? बादलीला लाथ बसली, बादली घरंगळत उकिरड्यापर्यंत गेली.

"लाथा मागाहून मार," योगेंद्र म्हणाला. "जीभ धर तिची."

एकानं जीभ धरली, दुसऱ्यानं बोटांनी एकेक कुसळ उपटलं. मैनेनं योगेंद्रचा हात चावला, तरी त्यानं तो मागे घेतला नाही. त्यामुळं सुपडूला जास्तच चीड आली. जनावरांचा डॉक्टर फोनवर दुपारी येतो म्हणाला. तोवर योगेंद्रनं केळीच्या खांबातला मऊ गाभा आणून पातळ कापला. मैनेनं एक काप घेतला. एका बाजूनं चघळला. बऱ्याच वेळानं गिळला. मग दुसऱ्यासाठी मान पुढे केली.

तो काप सुपडूनं स्वतः तिच्या तोंडाशी धरला.

योगेंद्र हात धुता धुता थबकला. "धुरपदाबाईच्या घरी पण पेंढ्या टाकल्या रे. तिकडं तुकईथड गावाले. तिलेही असंच सांगितलं, चालू ट्रॅक्टरवरून."

"मग फोन लाव!"

"उचलत नाही. अन् जाऊन काय करू? स्टँडवर ओरडला तू, मी जहर घालतो म्हणून. तिथं माझ्या आधी ते पोचलं असेल. दारात उभं करेल का मले?"

त्याचा आवाज आत्ता कुठं चढला होता. डोळे लाल. माफी मागायची सुपडूच्या जिभेला सवय नव्हती. त्यानं गाडीची किल्ली घेतली.

"तू मागे बस. गाडी मी चालवतो, दार मी वाजवतो. शिव्या पडल्या तर पहिले माझ्या थोबाडावर पडतील. ज्या तोंडानं जहर म्हणलो ना, त्याच तोंडानं सांगीन, गाय माझ्याच हातानं उपाशी राहिली. तिथं सांगीन, अन् येताना स्टँडवर गाडी थांबवून सांगीन. शब्द आहे माझा, योगेंद्र. बस."