सांगोवांगी

फळ्यावर स्वतःच लिहिलेल्या वाक्याखाली तिने खडूने एक लांब रेघ ओढली आणि वर्गाकडे वळून विचारलं, "हे वाक्य कुणाचं?"

कुणीच हात वर केला नाही. खरं तर ते अर्ध्या वर्गाचं होतं. 'अनादी काळापासून माणूस कुटुंबात राहत आला आहे.' सराव निबंधांच्या गठ्ठ्यात एकाआड एक निबंध याच वाक्याने सुरू झाला होता, तोही इंग्रजीच्या वेगवेगळ्या चुका करत.

"अनादी काळी तुमच्यापैकी कोण हजर होतं?"

वर्ग हसला, पण जपून हसला. मॅडम आई गेल्यानंतरच्या रजेवरून आजच परतल्या होत्या आणि अशा माणसासमोर किती हसायचं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तिला स्वतःलाही नव्हतं. विनोद दरवर्षीचाच होता. जिना उतरताना हात कठड्यावर जावा तसा आपसूक तोंडी आला होता. आत मात्र सगळं बधिर होतं. दात काढल्यावर गाल असतो तसं. आपलाच, पण चावला तरी कळणार नाही.

परीक्षा तोंडावर आली होती, म्हणून इंग्रजी निबंधाची उजळणी चालली होती. आधी तुमचं म्हणणं एका वाक्यात मांडा. मग पुरावा द्या. पुरावा देऊन गप्प बसू नका, त्यावरून काय ठरतं तेही सांगा. दुसऱ्याचं वाक्य घेतलंत तर त्याचं नाव घ्या, नाही तर ती उचलेगिरी. ती बोलत होती आणि तिचा आवाज तिला शेजारच्या खोलीतून यावा तसा ऐकू येत होता.

मागच्या बाकावरचा मुलगा उठला. सगळे त्याला वकील म्हणत, कारण एका मार्कासाठी तो अर्धा तास भांडे.

"मॅडम, मी लिहिलंय, 'एका संशोधनानुसार मोबाइलमुळे घरातलं बोलणं कमी झालं आहे.' हा तर पुरावा आहे ना?"

"कुणाचं संशोधन?"

"नेटवर होतं."

"लिंबू चोळल्याने टक्कल जातं, हेही नेटवर होतं. आमच्या प्राचार्यांना जाऊन सांग."

या वेळी वर्ग मोकळेपणी हसला. तिने पुन्हा खडू उचलला. "ही झाली सांगोवांगी. पुरावा म्हणायच्या आधी विचारा, हे कोण सांगतंय? त्याने स्वतः पाहिलं-ऐकलं का? आणि तसं सांगण्यात त्याचा काही…"

खडू थांबला.

'ताई, आईने शेवटी तुझंच नाव घेतलं.'

धाकट्या भावाने हे तिला हॉस्पिटलच्या दारातच सांगितलं होतं. मग शेजाऱ्यांना, मग फोनवर येईल त्याला. प्रत्येक वेळी ते पालथ्या घड्यावरून पाणी जावं तसं तिच्यावरून वाहून गेलं होतं. आई गेली त्या दुपारी ती याच वर्गात शिकवत होती आणि तिचा मोबाइल स्टाफरूमच्या ड्रॉवरमध्ये होता. ते नाव त्याने स्वतः ऐकलं का, हे तिने एकदाही विचारलं नव्हतं. ती, जी घरात कोथिंबीर महागली म्हटलं तरी 'कुणी सांगितलं?' म्हणायची.

"मॅडम, त्याचा काही काय?" वकिलाने विचारलं.

"फायदा," ती म्हणाली. "त्याचा काही फायदा आहे का." मग खडू खाली ठेवत, "किंवा दुसऱ्या कुणाचा."

कॉलेज सुटल्यावर ती घरी न जाता हॉस्पिटलला गेली. आईच्या वॉर्डातली सिस्टर एका रिकाम्या कॉटवर चादर घालत होती. तिने ओळखलं आणि हातातलं काम ठेवलं.

"शेवटी आईजवळ कोण होतं, सिस्टर?"

"मी होते."

"माझा भाऊ?"

"बाहेर पॅसेजमध्ये. तुम्हालाच फोन लावत होते सारखे. मी आत बोलावलं, पण दारातच थांबले. पाय उचलेना त्यांचा. पुष्कळांचं होतं असं."

"आई काही बोलली?"

सिस्टरने चादरीचं टोक हातात घोळवलं. "म्हणाल्या, ही उशी फार उंच आहे. मी दुसरी दिली. मग झोपल्या, त्या झोपल्याच."

"कुणाचं नाव वगैरे?"

"नाही." सिस्टर जराशी अवघडली. "भावांनीही हेच विचारलं होतं. मग म्हणाले, माझी बहीण येईल विचारायला, ती खात्री केल्याशिवाय राहायची नाही. तिला नाव घेतलं म्हणून सांगा. पण तुम्ही अशा समोर उभ्या राहिलात, मला नाही खोटं बोलवलं."

तिने आभार मानले. बाहेर येऊन ती फाटकाशी उभी राहिली. आता राग येईल, नाही तर रडू येईल, असं वाटून तिने वाट पाहिली. दोन्ही आलं नाही. एवढंच मनात आलं की उशीचं ते वाक्य मात्र आईचंच होतं. कुणी नाव न सांगताही ओळखता आलं असतं.

ती भावाच्या घरी पोचली तेव्हा मावशी आली होती. गुडघ्यांमुळे तिला आधी येता आलं नव्हतं. मावशी म्हणजे उलटतपासणी; तिच्यासमोर लहानपणी चोरून खाल्लेली साखरही पचायची नाही. भाऊ चहाचा कप हातात धरून सांगत होता. डोळ्यांखाली काळं झालेलं, दाढी वाढलेली.

"शेवटी ताईचंच नाव घेतलं, मावशी."

"तू होतास जवळ?"

"होतो ना."

"मग फोनवर मला का म्हणालास, मी बाहेर होतो म्हणून?"

भावाने कप खाली ठेवला. मावशी त्याच्याकडे रोखून पाहत राहिली. त्या नजरेत राग नव्हता. बहिणीच्या शेवटच्या घटकेला कुणी होतं की नव्हतं, एवढंच तिला हवं होतं.

"जवळच होता तो," दारात चपला काढत ती म्हणाली. "आईचा हात धरून बसला होता. मी आत्ताच सिस्टरना विचारून आले."

मावशीने तिच्याकडे पाहिलं, मग भाच्याकडे. हळूहळू तिचे खांदे सैल झाले.

"तू विचारलंस ना, मग झालं," मावशी म्हणाली आणि तिने पदर डोळ्यांना लावला.

ती भावाशेजारी जाऊन बसली. त्याने वर पाहिलं नाही. बशीत कप नीट बसलेला होता, तरी तो कितीतरी वेळ नीट बसवत राहिला.