सिद्ध पेनड्राइव्ह

सकाळचे दहा वाजले होते आणि आमच्या छापखान्यात एकही यंत्र चालू नव्हतं. बांधणीवाले, कटिंगवाला, मालक आणि शेजारच्या दुकानातले दोन रिकामटेकडे, सगळे चार नंबरच्या संगणकाभोवती गोळा झाले होते. मधोमध मालकांच्या खुर्चीत यंत्रमहाराज बसले होते.

पडद्यावर एका शालेय पुस्तकाची प्रकरणं असायला हवी होती. काल होती. आज त्यांच्या जागी कोपऱ्यात बाण काढलेली नुसती चित्रं उरली होती. महाराजांनी डोळे मिटले आणि उजवा हात पडद्यासमोर फिरवला. डावा हात माऊसवर होता, पण ते बघायला कुणाला सवड नव्हती. दोन-तीन वेळा टकटक झाली आणि हरवलेली प्रकरणं ओळीनं परत आली.

"आली, आली!" कटिंगवाला ओरडला. त्याच्या डोळ्यांत चक्क पाणी.

"जे अदृश्य झालं ते नष्ट झालं असं नसतं, बाळांनो," महाराज म्हणाले. "आत्मा काय, फाइल काय, एकाच तत्त्वाची लेकरं. मी फक्त हाक मारली."

"पण महाराज, संध्याकाळपर्यंत पुन्हा जातात हो," मालक काकुळतीनं म्हणाले.

"जाणारच. कारण या यंत्रांना ताजा मृत्यू पाहिलेला हात लागतोय."

सगळ्यांच्या माना एकदम कडेला उभ्या असलेल्या माझ्या वहिनीकडे वळल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

माझा भाऊ जाऊन आठ महिने झाले होते. त्यानंतर वहिनी घरात नुसती बसून असायची. हाक मारली तरी दोनदा मारावी लागे. तीन आठवड्यांपूर्वी मी मालकांच्या हातापाया पडून तिला इथं टंकलेखनाला लावलं. चार नंबरचा संगणक तिचा. त्या पहिल्या आठवड्यात ती जेवताना पुस्तकातल्या चुकांवर हसली होती. मला नोकरीपेक्षा ते हसू जपायचं होतं.

मालक मला बाजूला घेऊन म्हणाले, "आज दुपारी त्यांना घरी घेऊन जा. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही हो. पण विषाची परीक्षा कशाला?"

विश्वास नाही म्हणणारी माणसंच सगळ्यात आधी वाकतात.

महाराजांचा उपायही ऐकण्यासारखा होता. काळा दोरा गुंडाळलेला एक 'सिद्ध' पेनड्राइव्ह. गेले पंधरा दिवस तो रोज सकाळी सहाही संगणकांना पाळीपाळीनं लावायचा आणि अकरा आकडे मोजायचे. पहिल्या दिवशी तो लावताच प्रत्येक पडद्यावर लाल चौकट उघडून धोक्याची सूचना ओरडायला लागली होती. महाराज म्हणाले, "ही बाधेची किंकाळी! तिचं तोंड बंद करा." मालकांनी राखणीचा प्रोग्रामच, म्हणजे अँटीव्हायरसच, त्या सहाही संगणकांतून काढून टाकला. घरफोडी झाल्यावर कुत्रा भुंकतो म्हणून कुत्राच हाकलला.

सातवा संगणक माझा, कोपऱ्यातला. मी मुद्रितं तपासतो, तीही कागदावर. संगणकावर फक्त लेखकांना पत्रं लिहितो. मी महाराजांना त्याच्या आसपास फिरकू दिलं नाही, की त्यातला राखणीचा प्रोग्राम काढू दिला नाही. तेव्हापासून मला सगळे 'पाखंडी' म्हणतात.

मी घरी फोन करून सगळं सांगितलं. वहिनीला न्यायला आत्या आली. तीस वर्षं साथीच्या रोगांच्या वॉर्डात नर्स होती ती. संगणकातलं तिला ओ की ठो कळत नाही.

"आजारी कोण कोण?" तिनं आल्या आल्या विचारलं.

"सहाच्या सहा."

"आणि सातवा?"

"माझा? ठणठणीत आहे," मी छाती फुगवून म्हणालो. "मी असल्या भानगडींवर विश्वास ठेवत नाही ना."

"यंत्राला तुझ्या अकलेचं काय कौतुक? त्याला काय टोचलं नाही, तेवढं सांग."

 पंधरा दिवस नुसता चिडत होतो, हा साधा प्रश्न मला सुचला नव्हता.

"तो दोरेवाला पेनड्राइव्ह," वहिनी हळूच म्हणाली.

"अगं बाई! म्हणजे एकच सुई, आणि पेशंट सहा?"

आत्यानं मालकांना हाक मारली. समोरच्या दुकानातून नवा, सीलबंद पेनड्राइव्ह आणवला. वहिनीला म्हणाली, "तू दाराबाहेर उभी राहा, पोरी. कशालाही हात लावू नकोस." मग मालकांना, "सील तुम्ही फोडा, सगळं तुमच्या हातानं करा."

मालकांनी तो आधी माझ्या संगणकाला लावला. काही झालं नाही. मग काढून तीन नंबरला लावला. या यंत्रावर वहिनी कधी बसलीच नव्हती. महाराज हसत होते. दहा आकडे मोजून मालकांनी तो परत माझ्याकडे आणला आणि खोचला.

लाल चौकट उघडली. मालकांनी अडखळत वाचलं, "धोकादायक प्रोग्राम सापडला. पेनड्राइव्हवरून पसरतो. फोल्डर लपवतो."

"आता सिद्ध लावा," आत्या म्हणाली.

महाराजांनी दोऱ्याला घट्ट धरलं. "पाखंड्याच्या यंत्राला लावून त्याची शक्ती घालवायची आहे का?"

"अहो, सहा यंत्रांत शिरून गेली नाही, ती सातव्यात कशी जाईल?" कटिंगवाल्यानं तो त्यांच्या हातातून काढूनच घेतला.

तीच चौकट. तेच शब्द.

'फोल्डर लपवतो' हे ऐकून मला महाराजांच्या डाव्या हाताची करामत उमगली, ती मी सगळ्यांना करून दाखवली. संगणकात 'लपलेल्या फाइली दाखवा' अशी एक सोय असते. तिथं खूण केली की प्रकरणं हजर. आत्म्याला हाक मारावी लागत नाही. हा किडा, म्हणजे तो धोकादायक प्रोग्राम, ती खूण पुन्हा पुसतो, म्हणून संध्याकाळी गायब. बांधणीवाल्यांनी एकेकानं करून पाहिलं. तोवर महाराज आपला पेनड्राइव्ह उपटून दोऱ्यासकट पसार झाले होते.

"म्हणजे वहिनींचा काहीच संबंध नाही!" मालक सुटकेचा निःश्वास टाकत म्हणाले. "सगळं त्या भोंदूनं आणलं."

मी जोरजोरात मान हलवली. विषय इथंच मिटावा असं मला मनापासून वाटत होतं.

"नाही," दारातून वहिनी म्हणाली. "महाराज यायच्या चार दिवस आधी माझी पहिली फाइल गेली होती. नोकरीचा अर्ज मी एका झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणला होता. तोच पेनड्राइव्ह इथं लावला, तेव्हा अशीच लाल चौकट आली होती, ती मी न वाचताच बंद केली. पहिला किडा माझ्याकडूनच आला असणार."

"वहिनी, कशाला..." मी पुटपुटलो.  कटिंगवाला जमिनीकडे बघत होता.

"भाऊजी, लपवलं तर तो पुन्हा येईल. आणि मग पुन्हा माझ्या कपाळाला चिकटवतील." ती उंबरा ओलांडून आत आली. "पेनड्राइव्ह तपासून घ्यायला हवा होता, ती माझी चूक. तिची बोलणी मी खाईन. पण तुमचे भाऊ गेले, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. तेवढं मी कुणाला म्हणू देणार नाही."

मालकांनी चार नंबरसमोरची खुर्ची मागे ओढली. मग म्हणाले, "राखणीचा प्रोग्राम मी काढला. त्याची बोलणी मीही खातो. तुम्ही बसा, वहिनी. सहा यंत्रं साफ करायची आहेत."

वाचकहो, चूक प्रत्येकाच्या हातून होते. ती शोधता येते आणि दुरुस्त करता येते. अपशकुनाला दुरुस्ती नाही, त्याला फक्त बळी लागतो. म्हणून कुणा बाईकडे बोट दाखवण्याआधी एवढंच विचारा: आजारी कोण, धडधाकट कोण, आणि दोघांत फरक काय? त्या दिवशी वहिनी संध्याकाळी सहापर्यंत थांबली आणि सहाही यंत्रं तिनं स्वतःच्या हातानं साफ केली.