गाठ शून्य, पेढे दोन किलो

मनाली बरी झाली आणि आईची किडनीही टिकली. असो. हे वाक्य इथे आलंच नव्हतं, असं धरून चालू.

२००६ साल. मनाली अकरा वर्षांची. दोन वर्षांपूर्वी आईने, छायाबाईंनी, तिला आपली एक किडनी दिली होती, आणि तेव्हापासून "माझी किडनी उन्हात नेऊ नकोस" असं बजावायचा हक्क राखून ठेवला होता. आता तीन आठवडे ताप हटेना. क्षय आहे का बघायला हातावर सुई टोचली. तिथे गाठ उठली तर क्षय. तीन दिवसांनी नर्सबाईंनी मोजपट्टी लावली. गाठ शून्य.

शून्य ऐकताच आजोबा सावळीराम मखमलाबादच्या मळ्यातून निघाले ते पंचवटीत दोन किलो पेढे घेऊनच अंबडला मनालीच्या घरी पोचले. एरवी ते दर रविवारी यायचे, नातीला चिकटून बसून शेंगा सोलायचे. आज अख्ख्या कॉलनीला पेढे वाटले. मंगळू वॉचमन झोपला होता, त्याच्या मुठीत ठेवला. उरलेला पुडा थेट डॉक्टरांपुढे.

डॉक्टरांनी आधी पेढा खाल्ला, मग म्हणाले, "या शून्यावर विसंबता येत नाही. परक्या किडनीवर धावून जाऊ नये म्हणून हिच्या अंगातला वॉचमन आपण गोळ्यांनी झोपवलाय. चोर शिरला तरी गाठ उठवणार कोण?"

"परकी?" आई म्हणाली. "माझी आहे ती."

"घरात कुणाला खोकला?"

"नाय," म्हणत आजोबा खोकले. "पेढा अडकला."

"आजोबा, तुम्ही खाल्लाच नाही," मनाली म्हणाली.

पुढच्या तपासण्यांत मनाली आणि आजोबा, दोघांनाही क्षय निघाला. आजोबांची रविवारची फेरी बंद झाली. फोनवरसुद्धा ते तोंडाला रुमाल बांधून बोलत.

खरी पंचाईत पुढेच होती. क्षयाचं औषध वॉचमनला झोपवणाऱ्या गोळीचा जोर उतरवतं. म्हणजे चोराला हाकलता हाकलता वॉचमन जागा होणार आणि पहिला सोटा आईच्या किडनीवर घालणार. म्हणून गोळी वाढवली, आणि दर सोमवारी रक्ततपासणी.

पाचव्या सोमवारी रक्तातला आकडा चढला, म्हणजे किडनी कुरकुरायला लागली. आई त्या दिवशी उन्हाचं बजावायलाही विसरली.

मनालीने वहीचं पान फाडलं, अर्ज लिहिला आणि दवाखान्याच्या तक्रारपेटीत टाकला :

"मा. साहेब, क्षयरोग विभाग.
विषय : वॉचमनच्या ड्यूटीबाबत.

वरील विषयास अनुसरून अर्ज करते की, माझ्या अंगातील वॉचमनने क्षयाच्या जंतूंपुरते जागे राहावे व आईच्या किडनीपुरते गाढ झोपावे, असा लेखी आदेश काढावा. झोपेचा अनुभव हवा असल्यास आमच्या कॉलनीतील श्री. मंगळू यांची बदली करण्यास आमची हरकत नाही. आदेशाची एक प्रत आईस द्यावी, ही नम्र विनंती."