रिकामी फिरणारी गिरणी

बसा, एका गिरणीवाल्याच्या जळफळाटाची गोष्ट सांगतो. वाळूनं गावाची शेतं गिळली अन् दळण आटलं. धाकट्या भावाच्या दुकानात मात्र बाहेरगावच्या पिठासाठी रांग लागायची. ती बघून ह्याच्या पोटात दुखायचं. मग हा गिरणी रिकामीच फिरवायचा, धाकट्याला वाटावं इथंही गर्दी आहे!

एकदा धाकटा धावत आला. "दादा, बंद कर! दगडावर दगड घासतोय, करपट वास रस्त्यापर्यंत येतोय. पुढच्या खेपेला पिठाऐवजी गहूच मागवतो, तू दळ."

"तुझ्या मेहेरबानीचं दळू? चल, नीघ!"

धाकटा गेला. ह्यानं खटका पाडून गिरणी बंद केली अन् झिजल्या दगडावर हात ठेवून बसला. अजून अडूनच बसलाय. तुम्ही त्याचं जुनं गिऱ्हाईक, जरा समजवा की त्याला.